इस्पितळातील संशोधनाच्या खाटा

कल्याण स्थानक सोडून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकलगाडी विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ अशी स्थानके घेत बदलापूरला पोहोचते. अंतर सुमारे १४ किलोमीटरांचे. परंतु एवढ्या पट्टीत लक्षावधी माणसे राहतात. त्यांच्यापैकी कुणाला एखादे अवघड दुखणे जडले, की त्याची वाट बहुधा उलट दिशेने, शीव वा परळ येथील मोठ्या इस्पितळांकडे वळते. ही रीत फार दिवसांची आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात एकाच वेळी दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले आणि त्यांत अंबरनाथचेही एक होते. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की त्याला जोडलेले सार्वजनिक रुग्णालय आले. रुग्णालय म्हटले की खाटा आल्या. आणि त्याबरोबर एक जुना प्रश्नही आला. या सर्व खाटा उपचारासाठीच असाव्यात, की त्यांतील थोड्या रोगाविषयी नवे ज्ञान मिळविण्यासाठी वेगळ्या राखाव्यात?

साधा वॉर्ड आणि संशोधनाचा वॉर्ड यांत बाहेरून पाहणाऱ्याला फारसा भेद दिसत नाही. तीच लोखंडी खाट, तीच पांढरी चादर. साध्या वॉर्डात डॉक्टरांपुढे नाना रोगांचे रोगी असतात. जो बरा होतो तो घरी जातो, आणि त्याच्यापासून जे शिकण्यासारखे होते तेही बहुधा त्याच्याबरोबरच जाते. संशोधनाच्या वॉर्डात खाटा मोजक्या आणि रोग ठरावीक. रोग्याने खाल्लेल्या अन्नाचे वजन होते, रक्त ठरल्या वेळी तपासले जाते, लघवी मोजली जाते, आणि हे सारे दररोज, न चुकता, एकाच पद्धतीने लिहून ठेवले जाते. दुसऱ्या रोग्याला जागा हवी म्हणून तेथल्या रोग्याला घाईने घरी धाडीत नाहीत. १९१० साली न्यू यॉर्क येथे उघडलेल्या रॉकफेलर इस्पितळात निवडक रोगांचेच रोगी घेत आणि त्यांच्याकडून पैसा घेत नसत. लंडनमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज इस्पितळातील थॉमस लुईस यांनी अशा खाटांसाठी आयुष्यभर वकिली केली. कलकत्त्यास उष्णकटिबंधीय रोगांच्या विद्यालयाला जोडून कारमायकल रुग्णालय उभे राहिले ते याच हेतूने.

मुंबईत हे काम इमारतीच्या पायाभरणीपासून सुरू झाले नाही. ते सुरू झाले साथीच्या धांदलीत. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकी जे पुढे आले त्यांना लस देण्यात आली. उरलेल्यांना दिली नाही. टोचलेल्यांपैकी दोघांना प्लेग झाला आणि दोघेही वाचले. न टोचलेल्यांपैकी बारा जणांना झाला, त्यांतले सहा दगावले. एकाच भिंतीआड राहणाऱ्या, एकच अन्न खाणाऱ्या दोन गटांची ही तुलना त्या काळच्या मानाने फार मोलाची होती. मात्र गजांआड असलेल्या माणसाच्या होकाराला कितपत होकार म्हणावे, ही शंका त्या आकड्यांना तेव्हापासून चिकटलेली आहे, आणि ती उगाच नाही.

१८९९ साली हाफकिनची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव आहे. तिच्या आसपास गिरण्या होत्या, चाळी होत्या. १९२६ साली तेथेच राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले केईएम, सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजाला जोडून सुरू झाले. या कॉलेजाच्या देणगीदारांनी अध्यापकांच्या जागा हिंदी डॉक्टरांनाच मिळाव्यात, अशी अट घातली होती. त्या अटीमागचा स्वाभिमान सर्वांना ठाऊक आहे. तिचा दुसरा परिणाम मात्र कमी बोलला जातो. येथील रोग्याची भाषा, त्याचे अन्न आणि त्याची चाळ ज्यांना ठाऊक, अशी माणसे त्याच्या खाटेजवळ तज्ज्ञ म्हणून उभी राहिली. प्रयोगशाळा आणि खाट यांच्यामध्ये चार पावलांचेच अंतर उरले, आणि पुढच्या पाव शतकात परळमध्ये जे घडले ते याच चार पावलांमुळे.

या परिसरातील सर्वांत बोधप्रद गोष्ट ल्युसी विल्स यांची. १८८८ साली जन्मलेल्या या इंग्रज विदुषी वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकून मग वैद्यकाकडे वळल्या होत्या. १९२८ साली त्या मुंबईस आल्या. गरोदरपणात बायकांचा बळी घेणारा एक तीव्र पंडुरोग मुंबईच्या गरीब वस्त्यांत, विशेषतः गिरणीकामगारांच्या कुटुंबांत, वारंवार दिसत होता. चेहरा पांढराफटक पडे, पायांवर सूज येई, दोन पायऱ्या चढताच धाप लागे आणि प्रसूतीच्या सुमारास पुष्कळदा सारे संपे. नवल असे, की सूक्ष्मदर्शकाखाली या बायकांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने थोड्या पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. साध्या लोहाच्या कमतरतेत त्या लहान दिसतात. तेव्हा हे दुखणे निराळे होते.

मातामृत्यूंची चौकशी करण्यासाठी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने हाती घेतलेल्या कामात डॉ. मार्गारेट बालफूर यांच्याबरोबर विल्स सामील झाल्या. त्यांनी प्रथम घरे पाहिली. एस. एन. तळपदे यांच्यासह मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी करून त्यांनी ती १९३० साली प्रसिद्ध केली. हिरवी भाजी, फळे, दूध यांचा घरोघर तुटवडा. मग त्यांनी जंतूंचा संशय तपासला आणि सोडून दिला. कुन्नूर येथे उंदरांना मुंबईच्या गरीब बाईचे अन्न खाऊ घातले, तर उंदरांच्या अंगचे रक्त कमी झाले. त्याच अन्नात यीस्ट घातले, तर ते टळले. हा पुरावा निर्दोष नव्हता. त्या उंदरांच्या अंगावरील उवांमार्फत पसरणारा एक निराळा जंतूही त्यात गोंधळ घालीत होता. पुढे एका माकडाला तोच आहार देऊन त्याचा पंडुरोग मार्माइटने बरा करून पाहण्यात आला. मार्माइट म्हणजे दारूच्या भट्टीत उरणाऱ्या यीस्टचा खारट, काळपट अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खात. औषध म्हणून त्याचा दिमाख शून्य, पण किंमत थोडी. यकृताचा अर्क गुणकारी असल्याचे १९२६ पासून ठाऊक होते. परंतु गिरणगावातल्या बाईला तो परवडणारा नव्हता.

यानंतर कामाला आल्या त्या खाटा. इस्पितळात दाखल झालेल्या पंडुरोगी बायकांना मार्माइट देण्यात आले आणि त्यांच्या रक्तातील नव्याने जन्मणाऱ्या तांबड्या पेशींची गणती चालू राहिली. औषध लागू पडले तर ही संख्या काही दिवसांतच एकाएकी चढते आणि मग उतरते. रोज मोजणारा माणूस नसेल, तर हा चढ कुणालाही न दिसता निघून जातो. विल्स यांना तो दिसला. भुकेवरची वासना गेलेल्या बायका खाऊ लागल्या, उठून बसू लागल्या. १९३१ च्या जून महिन्यात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा वृत्तान्त छापून आला. यीस्टमध्ये असलेल्या त्या अज्ञात पदार्थाला पुष्कळ दिवस ‘विल्स फॅक्टर’ असेच म्हणत. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि पानावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव पडले. १९४५ साली ते कृत्रिम रीतीने तयार झाले. परळच्या बायकांना मार्माइटमधून जे मिळाले होते, ते हेच.

भारत सरकारने १९७० साली पोषणजन्य पंडुरोगाविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हा गरोदर बायकांना लोह आणि फॉलिक ॲसिड यांची गोळी वाटण्यास आरंभ झाला. आज बदलापूरच्या एखाद्या दवाखान्यात गरोदर बाईच्या हातावर जी गोळी ठेवली जाते, तिच्यातील अर्धे ज्ञान नव्वद वर्षांपूर्वी याच रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला, परळात मिळालेले आहे. ज्या बायकांनी बोटे टोचून घेतली त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. पण त्यांच्यासारख्यांनाच ते औषध पुढे मिळाले, ही या कथेतील खरी जमेची बाजू आहे. पुष्कळ संशोधनांत असे होत नाही.

केईएमच्या वॉर्डांतून निघालेली दुसरी कीर्ती हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांची. सर्पगंधेची मुळी देशातील वैद्य-हकीम पूर्वापार वापरीत. १९३१ साली दिल्लीस सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्यातील क्षारद्रव्ये वेगळी काढली, आणि त्याच वर्षी कलकत्त्यास गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिने रक्तदाब उतरतो असे नमूद केले. एवढ्याने जगाचे समाधान होणे शक्य नव्हते. वकील यांनी केईएममधील रक्तदाबाचे ५० रोगी घेऊन, ठराविक मात्रा देऊन, दाबाचे मोजमाप ठेवून आपला निबंध लिहिला आणि तो १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचून बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी औषध मागविले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य निघाले. १९५७ साली वकील यांना लास्कर पारितोषिक मिळाले. रेसर्पिनने काही रोग्यांचे मन खिन्न होते, हे पुढे कळले आणि चांगली औषधे आल्यावर ते मागे पडले. पण सर्पगंधेचा लौकिक ऐकीव होता तो लेखी झाला, तो पन्नास रोग्यांच्या खाटांपाशी. आपल्याकडे जुन्या औषधांविषयी अभिमान बाळगणारे पुष्कळ. मोजमाप ठेवणारे थोडे.

१९५२ साली त्याच कॉलेजातील डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही रोग्यांसाठी कोणत्याही गटाचे रक्त जुळेना. दात्यांमागून दाते तपासून झाले. शेवटी हा एक निराळाच रक्तगट असल्याचे उघड झाले आणि त्याला जगाने ‘बॉम्बे ब्लड ग्रूप’ हे नाव दिले. शहराचे अधिकृत नाव बदलले तरी हे नाव राहिले आहे. या कामातूनच केईएमच्या आवारात रक्तगटांचे संदर्भ-केंद्र उभे राहिले आणि कालांतराने त्याची रक्तविकारांची राष्ट्रीय संस्था झाली. उल्हासनगरचा धागा येथे येऊन जुळतो.

उल्हासनगर हे गाव जुने नव्हे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्याची मोठी छावणी वसविली होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या रिकाम्या बराकींत आश्रय मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. वस्तीचे भाग आजही कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर दोन असेच ओळखले जातात. घरदार, दुकान, शेती सोडून आलेल्या या लोकांनी बरोबर आणलेल्या गोष्टींत एक अशीही होती, जिची त्यांना स्वतःला वार्ता नव्हती. रक्तातील एका दोषाचे वाहक सिंधी समाजात देशाच्या सरासरीहून बरेच अधिक आहेत. त्या दोषाचे नाव थॅलेसेमिया. मलेरियाच्या प्रदेशांत हा दोष टिकून राहिला; कारण एकेरी दोष असलेल्याला मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते, आणि तो स्वतः धडधाकट असतो. आई आणि बाप दोघेही वाहक निघाले, तर मात्र प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी निपजण्याचा संभव चारांत एक. असे मूल पहिल्या एकदोन वर्षांतच फिके पडू लागते. त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी त्याला दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते, ते जन्मभर.

रक्त देऊनही संकट टळत नाही. प्रत्येक बाटलीबरोबर अंगात लोह साचते. ते यकृतात आणि हृदयात बसते. ते काढण्याचे जुने औषध रात्रीच्या रात्री आठ-दहा तास कातडीखाली सुईने सोडावे लागे, त्यासाठी लहानसा पंप लागे, आणि त्याचा खर्च बराकीत संसार मांडलेल्या माणसाच्या आटोक्याबाहेरचा होता. १९८० नंतर लंडनमध्ये तोंडाने घेण्याचे एक औषध निघाले, डेफेरिप्रोन. त्याची चाचणी करण्यात मुंबईतील रक्तविकारतज्ज्ञ डॉ. एम. बी. अगरवाल आणि त्यांचे सहकारी अग्रभागी होते. १९९२ साली त्यांचा भारतीय चाचणीचा अहवाल ब्रिटनच्या रक्तशास्त्रविषयक नियतकालिकात आला. १९९० च्या दशकाच्या मध्यास हे औषध भारतात विकण्यास परवानगी मिळाली, युरोप-अमेरिकेच्या आधी. हे औषधही निर्धोक नाही. क्वचित त्याने रक्तातील पांढऱ्या पेशी एकाएकी नाहीशा होतात, आणि सांधे दुखू लागल्याच्या तक्रारी भारतीय रोग्यांत बऱ्याच आढळल्या. म्हणून ते घेणाऱ्याचे रक्त वरचेवर तपासावे लागते. औषध बाजारात आले म्हणजे संशोधनाच्या खाटेचे काम संपत नाही, हे येथे स्पष्ट दिसते.

मधल्या काळात रोग्याचा अधिकारही बदलला. विल्स आणि वकील यांच्या काळात रोग्याला सर्व समजावून त्याची लेखी संमती घेण्याचा शिरस्ता नव्हता. १९४७ साली न्यूरेंबर्ग येथे जर्मन डॉक्टरांच्या खटल्याच्या निकालातून ऐच्छिक संमतीचे तत्त्व पुढे आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आपले पहिले नीतिविषयक निवेदन १९८० साली काढले, आणि २०१९ च्या नव्या औषधांच्या चाचण्यांविषयीच्या नियमांनी नीतिसमितीची परवानगी, इजेची भरपाई आणि निरक्षर रोग्यासाठी तटस्थ साक्षीदार या गोष्टी बंधनकारक केल्या. कागद पक्का झाला. परंतु सरकारी इस्पितळात खाट फुकट मिळते, औषध फुकट मिळते, आणि समोर उभ्या असलेल्या डॉक्टरांना ‘नाही’ म्हणण्याची सवय गरिबाला नसते. तो ‘साहेब म्हणतील तसे’ असे म्हणून अंगठा उठवितो. भायखळ्याच्या तुरुंगातील ती शंका अशी इस्पितळातही डोकावते. तिला उत्तर एकच आहे, आणि ते कंटाळवाणे आहे. ज्याने उपचार करावयाचे त्याच डॉक्टराने संमती मागू नये, नकार देणाऱ्या रोग्याचे उपचार तसूभरही कमी होऊ नयेत, आणि होकार दिलेल्याला कोणत्याही दिवशी उठून जाता यावे.

संशोधनाच्या वॉर्डांविषयी बोलताना मद्रासची एक हकीकत सोडून चालत नाही. १९५६ साली तेथे क्षयरोगाच्या चिकित्सेचे केंद्र निघाले. काही रोगी आरोग्यभवनात ठेवले, काही घरी, दाटीवाटीच्या वस्तीत. दोघांना औषध तेच. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: घरी राहून औषध घेणारे जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना रोग अधिक लागला असेही दिसले नाही. शुद्ध हवा, पूर्ण विश्रांती आणि उत्तम आहार यांवरची पन्नास वर्षांची श्रद्धा एका तुलनेने ढासळली. खाटेवर निजवून केलेल्या अभ्यासाने अनेकांना खाटेची गरजच नाही, असे सिद्ध केले. गरीब देशाला याहून मोठी बचत क्वचितच कुणी करून दिली असेल.

अंबरनाथच्या रुग्णालयापुढील शक्यता या इतिहासावरून मोजता येते. उल्हासनगरची मुले जवळ आहेत. अंबरनाथ आणि बदलापूर येथील रासायनिक कारखान्यांत काम करणारे मजूर जवळ आहेत; त्यांच्या फुप्फुसांचे आणि कातडीचे दुखणे वर्षानुवर्षे पाहात राहिल्यावाचून कळणारे नाही. लागते ते थोडकेच, पण सलग लागते: आठ-दहा खाटा, दर तीन महिन्यांनी न बदलणारी परिचारिका, रक्त त्याच दिवशी तपासणारी प्रयोगशाळा, आकड्यांचा हिशेब जाणणारा माणूस, आणि वर्ष उलटल्यावरही सापडेल अशी नोंद. इमारत त्यांतली सर्वांत सोपी बाब आहे. सार्वजनिक रुग्णालयांत हे वॉर्ड का टिकत नाहीत, याचे कारण बहुतेक वेळा पैशात नसून बदल्यांत सापडते. मोजणारा माणूस गेला की वही बंद होते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जेथे साध्या रोग्यालाच खाट मिळण्याची मारामार, तेथे दहा खाटा बाजूला काढणे हा श्रीमंती थाट नव्हे काय? परळच्या बायकांचा दाखला पाहिला तर याचे उत्तर खाटेवर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नावर ठरते. प्रश्न त्याच वस्तीतला असेल तर खाट वाया जात नाही. तो परदेशातील एखाद्या कंपनीच्या सोयीचा असेल, तर आक्षेप खरा ठरतो.

थॅलेसेमियाच्या बाबतीत तर प्रश्न तयार आहेत. वाहक ओळखण्यासाठी रक्ताची एक तपासणी पुरते. हिमोग्लोबिनच्या ए-टू या प्रकाराचे प्रमाण वाढलेले दिसते. ती लग्नाआधी करावी, की पहिल्या गरोदरपणाच्या आरंभी? लग्नाआधी केली तर मुलीचे लग्न मोडण्याची धास्ती घराघरांत असते, आणि पुष्कळ कुटुंबे तपासणीच टाळतात. गरोदरपणात केली तर वेळ थोडा उरतो. दोघेही वाहक निघाले तर गर्भाची तपासणी करून घेण्यासाठी परळची वाट धरावी लागते, आणि आठवडे भराभर सरतात. कोणत्या रीतीने कमी मुले रोगी जन्मतील आणि कमी मुलींना बोल लागेल, हे मुंबईत बसून ठरविता येणार नाही. ते कॅम्प नंबर चार किंवा पाचमधील घरांत, ल्युसी विल्स यांनी चाळी पाहिल्या तसे, जाऊन पाहावे लागेल.

२०२४ साली अंबरनाथला प्रवेश घेतलेली पहिली तुकडी साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून वॉर्डात कामाला उभी राहावयास २०२९ साल उजाडेल. त्या वर्षी उल्हासनगरच्या छावणीचे नगर झाल्याला ऐंशी वर्षे होतील.